हाशी, खालून वर

तामोत्सु कादोनोला गावात कुणी फारसं बोलताना ऐकलेलं नाही. माणूस वाईट नाही, गर्विष्ठ तर मुळीच नाही. पण बोलायचं म्हटलं की त्याच्या जिवावर येतं. वाकासाच्या किनाऱ्यावरच्या आमच्या या गावात निम्मी घरं जेवायच्या काड्या करतात, आणि तामोत्सुच्या घरात हे काम तिसऱ्या पिढीचं. लाकडाच्या काडीवर झाडाच्या चिकाचं रोगण चढवायचं, त्यात अंड्याचं टरफल, शिंपल्याचा चुरा बसवायचा, त्यावर पुन्हा रोगण, पुन्हा रोगण, आणि शेवटी ओल्या दगडावर घासत घासत आतली नक्षी वर आणायची. जरा जास्त घासलं की नक्षी पुसली जाते, कमी घासलं तर दिसतच नाही. असल्या कामात तोंड चालवायला सवड नसते. पंधराव्या वर्षी तो पाटावर बसला, तो चौऱ्याहत्तराव्या वर्षापर्यंत उठलाच नाही म्हटलं तरी चालेल.

बोलायचं खातं त्याच्या घरात बायकोकडे होतं. तिचं नाव मुत्सुको. ती टोकियोची, त्यातही फुकागावाची, जिथे गल्लीगल्लीला कालवा आणि प्रत्येक कालव्यावर पूल. ती इथे कशी आली ही एक गंमत आहे, पण त्याआधी एक शब्द समजून घ्यावा लागतो. शब्द दोन अक्षरांचा, 'हाशी'. हाशी म्हणजे जेवायच्या काड्या. हाशी म्हणजे पूल. आणि हाशी म्हणजे कडसुद्धा. लिहिताना तिन्ही वेगळे, बोलताना फरक फक्त सुराचा. टोकियोवाले काड्या म्हणताना वरून खाली उतरतात आणि पूल म्हणताना खालून वर चढतात. आमच्याकडे नेमकं उलटं. आमच्या काड्या खालून वर जातात, पूल वरून खाली येतो आणि कड सपाट राहते. असं का, ते विचारू नका. विचारणाऱ्यांची आयुष्यं गेली.

तर बावीस वर्षांची मुत्सुको मैत्रिणीबरोबर फिरायला म्हणून आली होती आणि वाट चुकून एकटीच तामोत्सुच्या दारात उभी राहिली. बस पुलापाशी सुटते एवढं तिला माहीत होतं. तिने विचारलं, "माफ करा, हाशी कुठे आहे?" अर्थातच खालून वर. तामोत्सुने मान वर केली आणि मुकाट्याने मागच्या फळीकडे बोट दाखवलं. फळीवर काड्यांच्या दोनेकशे जोड्या वाळत होत्या.

"ही नाही हो, मोठी हाशी," ती म्हणाली.

तो उठला, आत गेला आणि स्वयंपाकात तळण काढायला वापरतात त्या हातभर लांब काड्या घेऊन आला.

"अहो, जिच्यावरून माणसं चालत जातात ती," ती रडकुंडीला येऊन म्हणाली, तेव्हा आत भाजी निवडणारी तामोत्सुची आई इतकी हसली की तिच्या हातातलं सूप उपडं झालं. बस गेली ती गेलीच. पुढच्या वसंतात मुत्सुको याच घरात सून होऊन आली.

पहिल्या वर्षी रोगणाने तिच्या हातावर पुरळ उठलं आणि तिच्या बोलण्याने गावात हसं झालं. मासेवालीने तर गाणंच केलं होतं, "टोकियोच्या बाईला जेवायला पूल लागतो." मुत्सुको स्वतःही हसायची. तामोत्सुला मात्र ते लागायचं. न बोलणारा माणूस याच एका गोष्टीवर बोलला. दुकानात गिऱ्हाईक आलं की ती वरून खाली 'हाशी' म्हणायची, म्हणजे आमच्या कानाला पूल, आणि बाहेरगावचे व्यापारीसुद्धा गालात हसायचे. एकदा सगळे गेल्यावर तो म्हणाला, "बाकी काय बोलायचं ते बोल. पण काड्या तरी नीट म्हण. आपण काड्याच विकतो."

तिने मनावर घेतलं. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना ती स्वतःशीच घोकायची, खालून वर, खालून वर. त्याला आवडायचं ते ऐकायला. दहाएक वर्षांत तिची बोली इतकी आमची झाली की नव्या माणसाला सांगूनही खरं वाटायचं नाही. फक्त फुकागावाहून धाकट्या बहिणीचा, कायोकोचा फोन आला की पाचव्या वाक्याला ती घसरायची आणि तिथलीच व्हायची. भिंतीपलीकडून तामोत्सुला ते कळायचं. फोन ठेवला की ती पुन्हा इकडची. सत्तेचाळीस वर्षं असं चाललं, आणि एका तोंडात दोन गावं राहतात याचं कुणालाच काही वाटलं नाही.

मागच्या नोव्हेंबरात, दुपारी, मुत्सुको तयार जोड्या कागदात गुंडाळत बसली होती आणि शेजाऱ्यांच्या तेंदूफळांबद्दल बोलत होती. यंदा फळं तुरट आहेत, तरी कशी दारोदार वाटत सुटलेत, असं काहीतरी. तामोत्सु दगडावर घासत होता. ती बोलायची थांबली हे त्याच्या लक्षात आलं, पण लगेच नाही. जोडी हातावेगळी करून त्याने वर पाहिलं तेव्हा ती उजव्या कुशीवर कलंडली होती आणि तिच्या डोळ्यांत भीती होती. ती किती वेळ तशी पडली होती, ते डॉक्टरांनी तीन वेळा विचारलं. त्याला सांगता आलं नाही.

जीव वाचला. उजवं अंग गेलं, गिळणं गेलं आणि वाचा गेली. नाकातून नळी घालून तिला अन्न द्यायला लागले. चार दिवस ती नुसती बघत होती. पाचव्या दिवशी दुपारी तिने ओठ हलवले आणि स्वच्छ म्हणाली, "हाशी."

खालून वर.

तामोत्सुला इतका आनंद झाला की तो खुर्चीवरून उठून उगाचच खिडकीपर्यंत जाऊन आला. "काड्या? काड्या हव्यात होय तुला?" त्याच दुपारी बसने घरी जाऊन त्याने तिच्या रोजच्या काड्या आणल्या, टोकाचं रोगण झिजलेल्या. तिने डाव्या हातात घेतल्या, बघितल्या आणि पांघरुणावर सोडून दिल्या. "हाशी," ती पुन्हा म्हणाली. दुसऱ्या दिवशी त्याने कोऱ्या, शिंपल्याच्या नक्षीच्या आणल्या. तिसऱ्या दिवशी लांब तळणाच्या. तिने मान फिरवली. नर्सबाई म्हणाल्या, "कादोनोकाका, इथे दुकान थाटायचा विचार आहे का? वॉर्डातले आजोबा भाव विचारत होते."

शनिवारी नागोयाहून मुलगी आली, मिहो. शाळेच्या भटारखान्यात काम करते, त्यामुळे जगातल्या सगळ्या दुखण्यांचं मूळ तिला पोटात दिसतं. आईच्या तोंडाशी कान नेऊन तिने ऐकलं आणि म्हणाली, "यात कोडं कसलं, बाबा? काड्या म्हणतेय. भूक लागलीय तिला. नाकात नळी खुपसून ठेवल्यावर माणसाला जेवल्यासारखं वाटेल का?"

म्हणून गिळण्याची परीक्षा झाली. वाचेवर आणि गिळण्यावर उपचार करणारी एगावा नावाची तरुण मुलगी होती. तिने अर्धा चमचा गोडसर दाट पेज मुत्सुकोच्या जिभेवर ठेवली. मुत्सुकोने प्रयत्न केला, आणि मग तिचा चेहरा निळा पडला, खोकला येईना, घशातलं यंत्राने ओढून घ्यावं लागलं. मिहो बाहेर जाऊन रडली. एगावा हळूच म्हणाली, "तोंडातलं थेंब थेंब फुप्फुसात जातंय, काका. आत्ता नाही जमायचं. कदाचित कधीच."

तामोत्सुने तिला विचारलं, "तुम्ही वाचेच्या जाणकार. ती कोणती हाशी म्हणतेय?"

एगावा ओशाळली. "काका, मी फुकुई शहराची. आमच्याकडे तिन्ही सारख्याच. आम्ही पुढचंमागचं बघून समजून घेतो." मग कामाचं म्हणून तिने आणखी एक गोष्ट सांगितली. असं झालेल्या माणसाच्या तोंडात कधी कधी एकच शब्द उरतो, आणि त्याचा काही अर्थ असेलच असं नसतं. पाणी हवं तरी तोच, दुखतंय तरी तोच. "मनाला लावून घेऊ नका," ती म्हणाली.

मन कुठे तिच्या सांगण्यावर चालणार होतं? मुत्सुको दुखलं तर कण्हायची, पाणी दिसलं तर डोळे तिकडे फिरवायची, आणि हाशी म्हणायची ती फक्त तामोत्सुकडे बघून. दिवसातून वीस-पंचवीस वेळा. न चिडता.

डॉक्टरांनी बापलेकीला खोलीत बोलावलं तेव्हा महिना होऊन गेला होता. डॉक्टर सज्जन होते, घाई करत नव्हते. ते म्हणाले, नाकातली नळी अशी फार काळ ठेवता येत नाही, आणि बाई ती उपटूनही टाकतात. पोटाला छोटं छिद्र पाडून तिथून कायमची नळी बसवता येईल. मग त्या जगतील, कदाचित बरीच वर्षं; पण आज आहेत त्याहून बऱ्या होतील असं मी म्हणणार नाही. की नळी नको, जमेल तेवढं थोडं थोडं तोंडाने, त्रास होऊ न देता. त्यात किती दिवस मिळतील ते तुम्हाला कळतंच आहे. दोन्हीत चूक काही नाही. "बाईंची स्वतःची काय इच्छा होती? कधी बोलणं झालं होतं?"

"बोलायची ती," तामोत्सु म्हणाला. "सगळं बोलायची. मी..." डॉक्टरांनी कागद पुढे केला. पुढच्या शुक्रवारपर्यंत खूण करून द्यायची होती.

बाहेर आल्यावर मिहो म्हणाली, "तिला काड्या हव्यात, बाबा. पोटाला नळी लावली की काड्या कायमच्या सुटल्या."

"मग नको म्हणू?"

"असं मी कुठे म्हटलं?"

"मग बसवा म्हणू?"

"तुम्ही मला का विचारताय? तुम्ही नवरा आहात तिचा." एवढं बोलून ती त्याच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. तिची गाडी पाचला होती, सोमवारी दोनशे मुलांचं जेवण होतं.

तामोत्सुने आपल्या परीने सरळ हिशोब मांडला होता. काड्या म्हणत असेल तर तिला जेवायचंय, म्हणजे जगायचंय, मग अन्न कुठूनही जावो. रविवारी त्याने फुकागावाला फोन लावला आणि तो मुत्सुकोच्या तोंडाशी धरला. मुत्सुको म्हणाली, "हाशी." पलीकडे कायोको ओक्साबोक्शी रडली आणि मग म्हणाली, "भावोजी, ताई पूल म्हणतेय."

"काड्या," तामोत्सु म्हणाला.

"छे हो. स्वच्छ पूल. तुम्ही कान साफ करा. आमचं घर पुलाला लागूनच होतं ना? लहानपणी कुठूनही परत येताना आई म्हणायची, चला, पूल आला. घरी जायचंय तिला."

त्याने फोन ठेवला. जिन्यात उभा राहून त्याने दोन्ही सूर स्वतःशी म्हणून पाहिले. कायोको चुकत नव्हती. मिहोही चुकत नव्हती. मुत्सुकोच्या तोंडातून येत होता तो सूर दोन्ही गावांत चालत होता, फक्त एका गावात काड्या म्हणून आणि दुसऱ्या गावात पूल म्हणून. आत पडलेली मुत्सुको आता कोणत्या गावची, हा प्रश्न होता. सत्तेचाळीस वर्षांची इथली, की घसरून पुन्हा तिथली? आणि पूल असेल तर तो फुकागावाचाच असेल कशावरून? माणूस मेला की नदी ओलांडून पलीकडे जातो, हे आमच्याकडे पोरंटोरंही जाणतात. पूल म्हणत असेल तर ती म्हणत होती, मला जाऊ द्या. तामोत्सु जिन्यात खालच्या पायरीवर बसला. एका माणसाने सफाई थांबवून विचारलं, काका, बरं वाटत नाही का? तो म्हणाला, जागा पुसून घ्या, मी उठतो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कायोकोचा फोन. "भावोजी, रात्रभर विचार केला. पूलच असेल असं नाही हं. आमच्याकडे कडही तशीच म्हणतात. नुसता शब्द असेल तर फरक कळत नाही, पुढे काही आलं तर कळतो. आणि ताईला नेहमी कडेला झोपायला लागायचं. आम्ही तिघी बहिणी ना, मधे झोपवलं की ती भांडायची."

मुत्सुकोची खाट चार खाटांच्या ओळीत मधली होती. तामोत्सुने नर्सबाईंच्या हातापाया पडून ती खिडकीच्या कडेला हलवून घेतली. मुत्सुकोने बाहेरच्या कोवळ्या उन्हाकडे बघितलं. मग त्याच्याकडे बघितलं आणि तेच म्हणाली.

संध्याकाळी तामोत्सुच्या घरी ओकुदा मास्तर आले. दोघे एका वर्गातले. ओकुदा चाळीस वर्षं भाषा शिकवून निवृत्त झाले आणि तेव्हापासून ऐकणारं माणूस शोधत हिंडतात. येताना कोंड्यात मुरवलेला बांगडा घेऊन आले होते. तामोत्सुने भात टाकला आणि सगळं सांगितलं. एका दमात इतकं बोलताना ओकुदांनी त्याला साठ वर्षांत पाहिलं नव्हतं.

"सूर खालून वरच?" मास्तरांनी विचारलं.

"तू येऊन ऐक."

"तुझा कान दगडावर घासलेला आहे, तो चुकायचा नाही." मास्तरांनी बांगड्याचा तुकडा भातावर ठेवला आणि त्यांना चेव आला. "पण गंमत सांगू का तामो, मुळात हे तीन शब्द तीन नसावेतच. कड म्हणजे जिथे एक गोष्ट संपते ती जागा. दोन कडा जोडतो तो पूल. आणि ताट नि तोंड जोडतात त्या काड्या. शिवाय पक्ष्याच्या चोचीलाही जुन्या भाषेत हाशीच म्हणायचे. फार जुन्या काळी काड्या दोन नव्हत्याच, बांबूची एकच पट्टी वाकवून चिमटा करायचे, अगदी चोचीसारखा. म्हणून कुणी म्हणतं काड्या चोचीवरून आल्या. कुणी म्हणतं पुलावरून, देवाचं अन्न माणसापर्यंत येतं तो पूल. भांडतात पंडित लोक. माझं विचारशील तर सगळ्याचं मूळ एकच, इकडचं तिकडे नेणारं ते हाशी."

तामोत्सु काड्या खाली ठेवून ऐकत होता. मास्तर थांबले तेव्हा तो म्हणाला, "सगळं एकच असेल रे. पण मला कागदावर दोनांतली एकच खूण करायचीय."

मास्तरांचा घास हातातच राहिला. "चुकलो," ते म्हणाले. मग घास ताटात ठेवून त्यांनी विचारलं, "ती रागावली, दुखलंखुपलं, की कोणत्या बोलीत बोलायची?"

"इकडच्याच. कायोकोचा फोन सोडला तर इकडच्याच."

"मूळची बोली अशी सुटत नाही, तामो. शिकलेली आधी जाते म्हणतात. पण तसंच होईल असंही नाही. ती आपली बोली इतकी मन लावून शिकली होती." मास्तर हे सांत्वन म्हणून म्हणाले. म्हातारपणी माणसाला कळत नाही आपला शब्द कुठे जाऊन लागतो.

कारण तामोत्सु त्यानंतर भांडी विसळायला उठला आणि नळ सोडून तसाच उभा राहिला. भांडी घासता घासता ती इथेच घोकायची. कुणासाठी घोकायची? त्याच्यासाठी. चार व्यापारी गालात हसले म्हणून त्याने तिच्या तोंडातला शब्द उलटा करून घेतला होता. ती जशी आली तशी त्याने तिला बोलू दिलं असतं, तर आज वरून खाली म्हणजे काड्या आणि खालून वर म्हणजे पूल, इतकं सोपं होतं सगळं. संशयाला जागाच नव्हती. ही जागा त्याने स्वतः करून ठेवली होती, आणि करताना त्याला ते आवडलं होतं. नक्षी दिसावी म्हणून साठ वर्षं बेताने घासणारा माणूस, आणि घरातलं माणूस त्याने असं घासलं.

बुधवारी ऊन पडलं होतं. त्याने परवानगी काढून मुत्सुकोला चाकाच्या खुर्चीत बसवलं, दोन पांघरुणं गुंडाळली आणि दवाखान्यामागच्या नदीवर नेलं. एगावा बरोबर आली, तिची जेवणाची सुट्टी होती. पूल साधाच आहे, सिमेंटचा, पलीकडे मासळीची कोठारं आणि मग समुद्र. मधोमध खुर्ची थांबवून तामोत्सु तिच्यासमोर उकिडवा बसला.

"हा पूल," त्याने आमच्या सुरात म्हटलं, वरून खाली. मग तिच्या माहेरच्या सुरात म्हटलं, खालून वर. आयुष्यात पहिल्यांदा तो टोकियोची बोली बोलत होता आणि ती त्याला धड जमत नव्हती. "हाच का? हा हवाय तुला? हो असेल तर माझा हात दाब."

तिने हात दाबला.

एगावा मान खाली घालून उभी होती. त्याने खिशातून तिच्या झिजलेल्या काड्या काढल्या आणि समोर धरल्या. "की या? या असतील तर दाब."

तिने हात दाबला. तितकाच घट्ट.

"मी सांगणार होते, काका," एगावा म्हणाली. "हो-नाहीचं काकूंना अजून जमत नाही. तुम्ही हात धरला म्हणून त्या धरतात."

मुत्सुकोला वारा लागून डोळ्यांतून पाणी येत होतं. तिने दोन्ही गोष्टींकडे बघितलं, पुलाकडे आणि काड्यांकडे, आणि मग पुन्हा त्याच्याकडे, आणि म्हणाली, "हाशी." लहान मुलाला दहाव्यांदा सांगावं तसं, समजुतीने.

शुक्रवारी सकाळी तामोत्सुने कागदावर खूण केली. नळी बसवा. डॉक्टरांनी विचारलं, बाईंची इच्छा तीच आहे असं तुम्हाला वाटतं ना? कागदावर तशी ओळ होती. तो हो म्हणाला. ते खोटं होतं. तिची इच्छा काय आहे याचा त्याला पत्ता नव्हता. त्याला फक्त घरी जाऊन तिच्याविना दार उघडणं जमणार नव्हतं. दोन सुरांत खरं कोणतं ते ठरेना, तेव्हा त्याने स्वतःच्या गावचा, स्वतःच्या सोयीचा सूर ऐकला आणि वर तिचं नाव घातलं. मिहोला त्याने फोनवर सांगितलं, "आई काड्याच म्हणतेय." मिहो म्हणाली, "बरं केलंत, बाबा," आणि सुटल्यासारखा मोठा श्वास सोडला.

शस्त्रक्रिया छोटीच होती, नीट झाली. नाकातली नळी निघाली तसा मुत्सुकोचा चेहरा मोकळा झाला. पंधरा दिवसांत गाल भरले. मासेवालीची सून भेटायला येऊन म्हणाली, "काकू तर पोरीसारख्या दिसायला लागल्या." डॉक्टर खूश होते. ओकुदा मास्तर येऊन बसायचे आणि पंडितांबद्दल अवाक्षर काढायचे नाहीत.

फक्त एक झालं. नळी बसवली त्याच्या तिसऱ्या दिवसापासून मुत्सुको 'हाशी' म्हणायची थांबली. आधी त्याला वाटलं दमली असेल. मग वाटलं, आता दुसरा शब्द येईल. एगावाही म्हणाली, होतं असं कधी कधी, एक जातो आणि दुसरा येतो. दुसरा आला नाही. हिवाळा सरला, ती आता दवाखान्यातून शुश्रूषागृहात गेली आहे, खिडकीच्या कडेची खाट आहे, कुठे दुखत नाही, झोप चांगली लागते. ती त्याच्याकडे आता बघते, पण काही सांगायचं असलेल्या माणसासारखी बघत नाही.

तामोत्सु रोज दुपारी दोनला जातो. तिचा डावा हात हातात घेतो आणि न बोलणारा तो माणूस आता एकटाच बोलतो. आधी आपल्या सुरात, मग तिच्या सुरात, मग दोन्ही अक्षरं सपाट, कडेसारखी. हाशी. हाशी. हाशी. ती हात धरून ठेवते. शेजारच्या खाटेवरच्या आजींना वाटतं, म्हातारा बायकोला बोलायला शिकवतोय, आणि त्या त्याला धीर देतात, "येईल हो, येईल. सुरुवातीला एवढा एक शब्द जरी आला तरी पुष्कळ." तो मान डोलावतो. चाळीस दिवस ती हा एक शब्द रोज वीस वेळा त्याला सांगत होती, हे तो त्यांना सांगत नाही.